सिव्हिलच्या ओपीडीतल्या डॉक्टर मॅडम, हे तुमच्यासाठी

डॉक्टर मॅडम, नमस्कार. तुमची तिथली ड्युटी संपली आणि तुम्ही कुठे गेलात ते ओपीडीत कुणाला सांगता येईना, म्हणून इथेच लिहिते, कुणीतरी ओळखीचं वाचेल आणि पोचवेल.

मी ब्लाऊज शिवते. दिवसाला दहा गळ्यांची मापं घेते आणि स्वतःच्याच पोरीच्या मानेवरची गाठ मला कळली ती गॅदरिंगच्या ब्लाऊजचं माप घेताना, टेप सरकवला तर बोटाला लागली, उजव्या बाजूला जरा मागे, कापडाखाली प्रेसबटण राहावं तशी. दुखत नव्हती म्हणून आम्ही निवांत. सासूबाई म्हणाल्या अवधाण असेल, दात किडला असेल. जवळच्या डॉक्टरांनी तीनदा अँटिबायोटिक दिलं, त्यात दीड महिना गेला आणि एकाच्या दोन गाठी झाल्या. मग शेजारणीने बिब्बा लाव म्हणून सांगितलं, आणि खोटं कशाला बोलू, मी बिब्बा आणून ठेवला पण होता.

तुम्ही पोरीला स्टुलावर बसवलंत, तिच्या पाठीमागे उभ्या राहिलात, मान जराशी खाली घ्यायला लावलीत आणि दोन्ही हातांनी हनुवटीखालून सुरू करून जबड्याचा कोपरा, मग मानेच्या त्या जाड स्नायूच्या कडेने खाली गळ्याच्या हाडापर्यंत, मग मागची बाजू, कानामागे, सगळं एका क्रमाने चाचपलंत. मी बघतच राहिले, कारण मापाचा क्रम मी पण कधी मोडत नाही. बाहेर दीडशे माणसं रांगेत आणि तुम्ही केसपेपरच्या मागे मानेचं चित्र काढून समजावत होतात! अंगात सगळ्या मिळून 800 च्या आसपास अशा गाठी असतात, त्यातल्या 300 एक मानेतच, आणि त्या सगळ्यांना असतात, अंगातला पाण्यासारखा रस गाळून रक्तात परत सोडायचं त्यांचं काम. टॉन्सिल सुजले की जबड्याच्या कोपऱ्यातली फुगते, डोक्यात उवा होऊन खाजवून पिकलं की मानेच्या मागची. दुखरी मऊ असेल तर बहुतेक साधं इन्फेक्शन, रबरासारखी असेल तर वेगळी शंका, दगडासारखी आणि हलतच नसेल तर कॅन्सरची भीती, आणि एकमेकींना चिकटलेल्या असतील तर टीबी आठवायचा. डाव्या गळ्याच्या हाडावरचा खड्डा तुम्ही दोनदा दाबून बघितलात, का ते मी विचारलं, तर पोटातला कॅन्सर कधीकधी सगळ्यात आधी तिथे डोकं काढतो, त्या गाठीला विर्चो नावाच्या जर्मन डॉक्टरचं नाव आहे म्हणालात. आमच्याकडे तिथे काही नव्हतं.

आणि ह्यांच्या खिशातली तंबाखूची पुडी बघून तुम्ही ह्यांना पण स्टुलावर बसवलंत, तोंड उघडायला लावलंत, जबड्याखाली हात घातलात. पेशंट पोरगी आणि घाम फुटला बापाला. पुडी अजून सुटली नाहीये पण कमी झालीय, मी मोजते.

सुईची तपासणी केली, सुईने काढलेल्या त्याच पाण्यावर सीबीनॅट, म्हणजे टीबीचे जंतू शोधायची मशीनवरची तपासणी केली, टीबी निघाला. म्हणजे आमच्या आजीच्या भाषेतली गंडमाळ. सासूबाईंनी त्याच दिवशी ताटवाटी वेगळी केली होती, पण छातीचा फोटो साफ आहे, नुसत्या गाठीचा टीबी दुसऱ्याला लागत नाही, हे तुम्ही त्यांनाच बोलावून सांगितलंत, ते बरं केलंत, माझं त्यांनी ऐकलं नसतं. वजन 43 किलो म्हणून रोज 3 गोळ्या, एकेका गोळीत आधी दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. लघवी केशरी होईल घाबरू नका, हे आधीच सांगितलंत म्हणून बरं. सरकारकडून पोषणाचे महिन्याचे 1000 रुपये पण खात्यात आले, त्याची अंडी.

खरी घाबरगुंडी उडाली दुसऱ्या महिन्यात. गोळी एक चुकली नव्हती तरी गाठ वाढली, वरची कातडी लाल, पिचपिचीत. सगळे म्हणायला लागले कापून टाका एकदाचं. तुम्ही म्हणालात औषध लागू पडत असताना पण काहींना असं होतं, मेलेल्या जंतूंवर शरीर चिडतं, गोळ्या बंद करायच्या नाहीत आणि उगाच चिरायचं तर अजिबात नाही, चिरलं की जखम वाहत राहते, शिवाय त्याच जागी खांदा उचलणारी नस अगदी वरवरून जाते. बाजूच्या चांगल्या कातडीतून सुई घालून पू काढलात, दोन वेळा. पोरीने माझा हात एवढा दाबला होता की दोन दिवस मला कात्री धरता आली नाही.

सहा महिने पूर्ण झाले. आता शेंगदाण्याएवढी एक राहिलीय, ती तशीच राहू शकते म्हणून सांगितलंय, टेप घेऊन मी दर रविवारी बघते तरी.

मॅडम, तुम्ही साडी नेसता का माहीत नाही, पण माप पाठवा. अस्तर माझ्याकडचं, शिलाई घेणार नाही, गळा तुम्ही म्हणाल तो.

तुमच्या 19 वर्षांच्या पेशंटची आई