बायकांसाठी वेगळा वॉर्ड सोलापुरातच हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्यसनमुक्तीसाठी बायकांची वेगळी सोय हवी म्हटले की लोक विचारतात, 'आपल्याकडे बायका कुठं पितात?' दिवसभर वाकून हजार विड्या वळल्यावर पाठ धरते आणि संध्याकाळी ताडीचा तांब्या घरात येतो, हे सोलापूरच्या पूर्व भागात, विडी कामगारांच्या वस्तीत, कोणाला नवीन आहे? 8 मे 1930 ला ताडीविरोधात शिंदीची झाडे तोडायला लोक रूपाभवानीच्या देवळाकडे गेले आणि पोलिसांच्या गोळ्या झेलल्या, ते हेच गाव.

आमच्या शेजारच्या अक्का पन्नाशीच्या. त्यांना मी एका केंद्रात घेऊन गेले, सोबत त्यांचा मुलगा. खिडकीवरच्या माणसाने न विचारताच पेशंट म्हणून मुलाचे नाव लिहिले. ते खोडून अक्कांचे लिहिले, तेव्हा बाकावरचे सगळे पुरुष वळून बघायला लागले. अक्कांनी तोंडावर घेतलेला पदर घरी येईपर्यंत काढला नाही. वॉर्ड पुरुषांचाच. 'गोळ्या देतो, घरी सांभाळा.' तिसऱ्या दिवशी हात इतके थरथरत होते की पान कापता येईना. वळलेल्या निम्म्या विड्या छाटात, म्हणजे नापास मालात, गेल्या. ताडीत क्लोरल हायड्रेट हे गुंगीचे रसायन मिसळलेले असेल तर ती एकदम सोडल्यावर झटकेही येऊ शकतात. हे काय घरी सांभाळायचे काम आहे? चौथ्या दिवशी तांब्या परत आला.

वेगळी सोय म्हणजे पुरुषांच्या वॉर्डात मध्ये पडदा लावणे नव्हे. बाई आपल्या पिण्याबद्दल बोलू लागली की बऱ्याचदा नवऱ्याच्या मारापाशी येते. समोर तसेच चार नवरे बसले असतील तर 'बरं आहे' म्हणून गप्प बसते. (पुरुषांचेही तसेच असावे, बायकांसमोर त्यांना रडता येत नाही.) प्रत्येकीला वेगळा वॉर्ड लागेलच असे नाही. पण घरी मार खाणारीला आणि अंगावर पोर असणारीला तो लागतोच.

केंद्र सरकारच्या 2019 च्या पाहणीत दारू पिणारे पुरुष 27.3 टक्के, बायका 1.6 टक्के. दारात आलेल्या परक्या माणसाला कोणती बाई 'हो, पिते' म्हणेल? या आकड्यावर खाटा ठरणार असतील तर बायकांच्या वाट्याला बाकसुद्धा येणार नाही.

पुण्यात 1986 पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, त्यांचा बायकांसाठी 'निशिगंध' विभागही आहे. पण पुणे अडीचशे किलोमीटर. नवरा महिनाभर दाखल झाला तर बायको विड्या वळून घर चालवते. बायको गेली तर खाडा तिचाच, आणि चूलही बंद.

महापालिकेने पूर्व भागात दहा खाटांचा वॉर्ड काढावा. समुपदेशक बाईच असावी, लहान मुलांना आईजवळ राहू द्यावे आणि पेशंट म्हणून आधी बाईचे नाव विचारावे. आणखी एक गोष्ट मला सुचली नव्हती. पुण्याला जायचे का, असे मी विचारले तेव्हा अक्का म्हणाल्या, "तिकडं तेलुगू कळणारं कोण असतंय का?"

– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर
(शेजारी ओळखतील, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)