शिष्यवृत्ती मिळाली, पुढे काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शिष्यवृत्ती परीक्षा चौथी-सातवीला असावी की पाचवी-आठवीला, याचा खल २०१६-१७ मध्ये बदल झाल्यापासून आपल्याकडे भरपूर झाला. मात्र ती परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी वर्गात वेगळे काय द्यायचे, याची चर्चा आमच्या केंद्राच्या, म्हणजे परिसरातील शाळांच्या गटाच्या, एकाही शिक्षण परिषदेत मी ऐकली नाही. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळांत माझी बहुतेक नोकरी झाली असल्याने हे लिहिण्याचे धाडस करतो.

माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. भागाकाराची दहा उदाहरणे इतरांची तिसऱ्यावर असताना त्याची संपत आणि मग तो भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत बसे. एकदा त्याने सांगितले की, तीन ओळी आणि तीन रकाने असा नऊ तारखांचा चौकोन कुठेही धरला, तरी त्यांची बेरीज मधल्या तारखेच्या नऊपट येते. १७ तारीख मध्यभागी धरून मी पडताळले, १५३ आले. हे असे का होते, हे त्याला विचारण्याऐवजी मी त्याच्या हाती इतरांच्या वह्या तपासायला दिल्या. हुशार मूल म्हणजे शिक्षकाचा बिनपगारी मदतनीस, ही आम्हा शिक्षकांची जुनी सवय आहे आणि तिला आम्ही कौतुक समजतो. वर्षअखेरीस तो मुलगा प्रश्न विचारेनासा झाला होता. त्याचे अक्षर मात्र सुधारले होते.

अशा मुलांसाठी काहीच नाही, असे नाही. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने १९६२ पासून या विषयावर काम केले आहे. नवोदय विद्यालये आहेत, पण तिथे सहावीला साधारण ऐंशीच जागा असतात. १९६३ पासून चालत आलेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा २०२१ नंतर थांबली. हे सारे मार्ग निवडीचे आहेत. ज्याची निवड झाली नाही, किंवा झाली तरी जो गावातच राहिला, त्याचा दिवस पूर्वीसारखाच जातो. निवडीसाठी वर्षभर जी सराव प्रश्नपत्रिकांची घोकंपट्टी चालते, तिने वेग वाढतो हे खरे. पण दिनदर्शिकेतला चौकोन शोधणाऱ्या मुलाला आणखी दोनशे बहुपर्यायी प्रश्न देणे म्हणजे पोहणाऱ्याला बादलीत उतरवणे होय.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये अशा मुलांना पूरक साहित्य व मार्गदर्शन द्यावे, विषयवार मंडळे काढावीत आणि बी.एड.मध्ये या विषयाच्या विशेष अभ्यासाची सोय असावी, असे म्हटले आहे. मुद्दा योग्य आहे, परंतु चार इयत्ता दोन खोल्यांत सांभाळणाऱ्या आणि ऑनलाइन माहिती भरण्यात निम्मा दिवस घालवणाऱ्या शिक्षकापर्यंत तो पोहोचणार कसा? तेवढ्यात 'आधी मागे पडलेल्यांकडे बघा' असेही कोणी म्हणेल. मीही तेच म्हणत असे; पण पुढे गेलेल्या मुलाला करण्याजोगे काम मिळाले, तर मागे राहिलेल्यांसाठी शिक्षकाला उलट वेळच मिळतो, हे उशिरा लक्षात आले.

द्विशिक्षकी शाळेची जी अडचण मानली जाते, तिचा इथे उपयोग होऊ शकतो. चौथीतल्या मुलाला गणिताच्या तासाला पाचवीच्या मुलांत बसवता येते. हजेरीपटावर त्याचे नाव चौथीतच राहू द्यावे. जिथे पाचवीच नाही, तिथे केंद्रशाळेत महिन्यातून एका शनिवारी परिसरातील अशा मुलांना एकत्र बसवावे, माध्यमिक शाळेतील गणित-विज्ञानाच्या एखाद्या शिक्षकाने त्यांच्यासमोर एकच मोठा प्रश्न ठेवावा आणि उत्तराची घाई करू नये. या तासाची परीक्षा, गुणवत्ता यादी आणि फ्लेक्स मात्र कृपया नको. प्रवासखर्च आणि त्या शिक्षकाचे मानधन एवढी तरतूद शिक्षण विभागाने येत्या जूनपासून करावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक