आधी कृपा, मग नियम

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, जे बघितलं ते मनातून जातच नाहीये म्हणून लिहायला बसले. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून, पंच लोक भाकरीची ताटली आणि द्राक्षरसाचे छोटे पेले घेऊन बाकाबाकावरून फिरतात. माझ्या शेजारच्या ताईपुढे ताटली थांबलीच नाही, सरळ माझ्याकडे आली. नवऱ्याने टाकून दिलेली बाई, आता दुसऱ्या माणसासोबत राहते, म्हणून कमिटीने तिचं प्रभुभोजन बंद केलंय. अर्धवट पुढे आलेला हात तिने तसाच पदराखाली घेतला.

कमिटीवाल्यांना विचारलं तर म्हणे नियमशास्त्र आहे ना, बायबलमध्ये मोशेने दिलेले देवाचे नियम, मग. आणि आमची तरुण पोरं एकदम दुसऱ्या टोकाला, आपण कृपेखाली आहोत, देवाने आपली लायकी न बघता क्षमा केलीय, तर नियम हवेतच कशाला. मला दोन्ही पटत नाही. कृपा आहे म्हणून पाप करत राहायचं का हे प्रेषित पौलाने बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात स्वतःच विचारलंय आणि मुळीच नाही असं सांगून टाकलंय. पण तोच पौल गलतीकरांच्या पत्रात नियमशास्त्राला बालरक्षक म्हणतो. त्या काळी मोठ्या घरातल्या पोराला शाळेत नेणारा, त्याच्यावर लक्ष ठेवणारा गुलाम असायचा तो. पोराला गुरुजींपर्यंत पोचवणं हे त्याचं काम, शाळेच्या दारात अडवून धरणं नाही.

आपण क्रम चुकवतोय असं मला वाटतं. संडे स्कूलला पोरांकडून दहा आज्ञा पाठ करून घेताना आपण सुरुवातच करतो दुसरे देव नकोत इथून, बायबलच्या निर्गम पुस्तकातल्या २० व्या अध्यायातलं त्याच्या आधीचं वाक्य राहूनच जातं, मिसरातून, गुलामीच्या घरातून तुला मी बाहेर काढलं. सुटका आधी झालीय हो, आज्ञा नंतर आल्यात! योहानाच्या शुभवर्तमानाच्या ८ व्या अध्यायात पण बघा, व्यभिचारात धरून आणलेल्या बाईला येशू आधी म्हणतो मीही तुला दोषी ठरवत नाही, आणि मग म्हणतो जा, यापुढे पाप करू नको. आमच्या कमिटीने हे उलटं केलंय, आधी सुधारून ये मग बघू.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला, पण आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हता, तो बऱ्याच वर्षांनी मिळाला, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय. त्याच रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, वाईट चालीच्या म्हणून समाजाने टाकलेल्या बायकांसाठी वेगळं घर काढलं आणि त्याला नाव दिलं कृपासदन.

मंडळीत शिस्त नको असं मी म्हणत नाहीये. त्या ताईच्या जगण्यात काही चुकतही असेल, ते तिला सांगायला पण हवं. पण आजपर्यंत तिला फक्त एक सही-शिक्क्याचा कागद गेलाय, घरी कोणीच गेलेलं नाही. पुढचा पहिला रविवार यायच्या आत पाळकसाहेबांनी दोन पंचांना घेऊन तिच्या घरी जावं, चहा घ्यावा, तिचं सगळं ऐकून घ्यावं, मग जे सांगायचं ते सांगावं.

आपली,
एक वाचक, नगर जिल्हा