निरीक्षण वहीबद्दल आभार : सातपुड्याच्या पायथ्याशी शिकवणाऱ्या एका मार्गदर्शक बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

विद्यापीठाचा उत्कृष्ट छात्राध्यापक पुरस्कार यंदा तुमच्या शाळेत छात्रसेवाकाल (बी.एड.ची इंटर्नशिप) पूर्ण केलेल्या मुलीला मिळाला. समारंभात तिचं नाव घेतलं गेलं, तिच्या महाविद्यालयाचं आणि प्राचार्यांचंही. तुमचं राहिलं, कारण अर्जात शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षकाला सहीपुरती जागा आहे. पण निवड ज्यावर झाली ती तुमची निरीक्षण वही. हे चारचौघांत सांगायला हवं म्हणून आम्ही, निवड समितीतल्या प्राध्यापकांनी, पत्र खुलं ठेवलं आहे. तुमच्या इच्छेप्रमाणे नाव आणि गाव घातलेलं नाही.

बी.एड. दोन वर्षांचं झाल्यापासून छात्राध्यापक दुसऱ्या वर्षी किमान सोळा आठवडे शाळेत असतो आणि त्या काळातली हजेरी नव्वद टक्के लागते. महाविद्यालयाचे प्राध्यापक त्यातले मोजके पाठ पाहतात. बाकीच्या दिवसांत वर्गात मागच्या बाकावर कोणी असलंच, तर ते तुमच्यासारखे वर्गशिक्षक किंवा विषयशिक्षक. म्हणजे छात्राध्यापकाबद्दल सगळ्यांत जास्त माहिती तुमच्याकडे असते आणि पुरस्काराच्या फाइलीत सगळ्यांत कमी तुमच्याकडून येते.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून येणाऱ्या फाइलींमध्ये निरीक्षणाची पानं बहुतेक एकसारखी असतात. ‘आवाज स्पष्ट. फलकलेखन सुंदर. वर्गनियंत्रण चांगले. १० पैकी ८.’ पुढच्या पाठालाही ८, पुढच्या छात्राध्यापकालाही ८. यात कोणाचा आळस नाही. परक्या लेकराच्या निकालाला आपल्यामुळे धक्का बसू नये, ही त्यामागची माया आहे. पण सगळ्यांना ८ मिळाले की त्या गुणांनी निवड करता येत नाही आणि सगळा भार समितीसमोरच्या एका दाखवायच्या पाठावर येतो. तिथे तक्ते नवे असतात, प्रोजेक्टर असतो आणि प्रश्न आदल्या दिवशी घोटून घेतलेले असतात. प्रश्न पुरा होण्याआधीच वर्गभर हात वर गेले, तर तो पाठ मुलांना नवा नाही असं खुशाल समजावं. अशा चढाओढीत शहरातल्या सोयीच्या शाळेत सराव केलेला उमेदवार आश्रमशाळेतल्या उमेदवाराच्या पुढे जातो. त्यात त्याच्या शिकवण्याचा वाटा किती, हे मात्र कोणालाच ठरवता येत नाही.

तुमच्या वहीत गुण कमी आणि नोंदी जास्त आहेत. पानावर तीन रकाने आखलेले : वेळ, ती काय म्हणाली, मुलांनी काय केलं. तिसरा रकाना सगळ्यांत रुंद. आमच्या दृष्टीने सगळं काही त्या रुंदीत आहे. ‘प्रश्न विचारला, चार सेकंद थांबली, मागच्या रांगेतून पहिल्यांदा हात’ अशी नोंद तुम्ही केली आहे. अमेरिकेत विज्ञानशिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण तपासलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, असं त्यांना आढळलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर मुलांची उत्तरं लांब झाली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. सूक्ष्म अध्यापनाच्या, म्हणजे महाविद्यालयातच एकेका कौशल्याच्या छोट्या सराव पाठाच्या, सहा मिनिटांत प्रश्न कौशल्याचा सराव होतो, पण समोर सहाध्यायीच विद्यार्थी होऊन बसलेले असतात आणि त्यांना उत्तर येत असतं. थांबण्याची गरजच पडत नाही. ते थांबणं ती तुमच्या वर्गात शिकली, हे वहीतल्या वेळांवरून दिसतं. पहिल्या आठवड्यात उत्तर तीच देऊन टाकायची. पाचव्या आठवड्यापासून ते बंद झालं.

सहावीच्या अपूर्णांकांचं पान आम्ही सगळ्यांनी पुन्हा पुन्हा वाचलं. भिन्नछेद बेरजेत १/२ + १/३ = २/५ असं बऱ्याच वह्यांत आलं होतं. अंशात अंश, छेदात छेद. टाचणाप्रमाणे, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्याप्रमाणे, तिने समच्छेद करण्याची रीत फळ्यावर पुन्हा सांगायला हवी होती आणि पहिल्या दिवशी तिने तेच केलं. चूक तशीच राहिली. ‘रीत पाठ झाली, चूक गेली नाही,’ असं तुम्ही समासात लिहिलंत. दुसऱ्या दिवशी तिने रीत बाजूला ठेवून एकच विचारलं : २/५ हे अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? अर्ध्यात भर घालून उत्तर अर्ध्याहून कमी कसं आलं, या अडचणीत मुलं स्वतः सापडली. मग तिने १२ सेंटिमीटरच्या कागदी पट्ट्या वाटल्या. अर्धी पट्टी ६ सेंटिमीटर, तिसरा हिस्सा ४, दोन्ही मिळून १०. बारापैकी दहा, म्हणजे ५/६. बारा सेंटिमीटर का, तर बाराला २ आणि ३ या दोघांनीही भाग जातो. पट्टी १० सेंटिमीटरची घेतली असती तर तिसरा हिस्सा मोजपट्टीवर नीट सापडला नसता आणि पाठ तिथेच अडकला असता. हा बदल तिने टाचणात लाल शाईने केला होता. खाडाखोडीचं टाचण पुन्हा स्वच्छ उतरवून आणायला सांगणं ही आम्हा प्राध्यापकांचीच सवय आहे. तुम्ही ती खाडाखोड जपून फाइलीला लावलीत, म्हणून विचार कुठे बदलला ते आम्हाला दिसलं.

त्याच पानावर खाली आहे : ‘एक मुलगा शेजाऱ्याला पावरीत सांगत होता. मला अर्धंच कळलं, पण त्याचं बोट बरोबर घडीवर होतं. तिने टोकलं नाही. नंतर तेच त्याच्याकडून मराठीत म्हणवून घेतलं.’ आपल्या भागात ही नोंद सोन्याची आहे. छात्राध्यापिका अहिराणी बोलणारी, मुलं पावरी आणि भिली बोलणारी, पुस्तक प्रमाण मराठीत. मुलाला गणित येत नाही की मराठी शब्द येत नाही, हे वेगळं काढता येणं ही शिक्षकाची पहिली कसोटी. छापील निरीक्षण तक्त्यात मात्र ‘भाषा शुद्ध आहे का’ एवढाच रकाना असतो आणि तोही शिक्षकाच्या भाषेबद्दल.

आता चाचण्यांबद्दल. इथे तुम्ही आम्हाला मोठ्या चुकीतून वाचवलंत. पुरस्कारासाठी पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीच्या सरासरीतला फरक मागवला जातो. पहिली चाचणी दिवाळीआधी, दुसरी दिवाळीनंतर. मधल्या काळात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबरोबर मुलंही जातात आणि अनेकदा आधीच मागे पडलेली मुलं त्यांत असतात. समजा पाच मुलांना १० पैकी २, ३, ६, ७, ७ गुण आहेत. सरासरी ५. पहिली दोन स्थलांतरात गेली आणि उरलेल्यांच्या गुणांत काडीचाही फरक पडला नाही, तरी सरासरी साडेसहाच्या वर जाते. कागदावर ती प्रगती दिसते, प्रत्यक्षात वर्ग रिकामा झालेला असतो. तुम्ही गेलेल्या मुलांच्या नावांपुढे ‘स्थ.’ अशी खूण केलीत आणि दोन्ही चाचण्यांना हजर असलेल्यांचीच सरासरी वेगळी काढून दिलीत. त्यामुळे तिचा आकडा खाली आला. तरीही तुम्ही तो दिलात. इतर फाइली मग आम्ही त्याच पद्धतीने पुन्हा तपासायला घेतल्या आणि क्रम बदलला.

शेवटच्या पानावरची वसतिगृहातल्या संध्याकाळच्या अभ्यासाची नोंदही कामी आली. साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, पण मुलं त्यांच्या जवळ आली ती बरीचशी छात्रालयात. तरी तासाबाहेरच्या कामाला गुणपत्रकात आजवर जागा नव्हती.

तुमच्या वहीमुळे आम्ही विद्यापीठाला काही बदल सुचवले आहेत. दाखवायच्या पाठाबरोबर एक न कळवता पाहिलेला पाठ असावा. दोन निरीक्षकांनी आपापले गुण आधी स्वतंत्रपणे लिहावेत आणि नंतरच बोलावं, कारण आधी बोललं की धाकटा थोरल्याचाच आकडा लिहितो. महाविद्यालयांचे कच्चे गुण एकमेकांशी ताडू नयेत. प्रत्येक महाविद्यालयातला क्रम धरावा, म्हणजे हात सैल असलेल्यांचा फायदा होणार नाही. आणि मार्गदर्शक शिक्षकाच्या सहीच्या जागी तुमचे तीन रकाने छापावेत, तिसरा रुंद ठेवून.

यासाठी तुम्ही तासिका सांभाळून, बहुधा जेवणाच्या सुट्टीत लिहीत बसलात. त्याचं मानधन नव्हतं, कोणी मागितलंही नव्हतं. समितीतल्या प्रत्येकाकडून मनापासून आभार.

वही टपालाने परत पाठवत आहोत. अपूर्णांकांच्या पानाची छायाप्रत आम्ही ठेवून घेतली आहे. ती पुढच्या वर्षीच्या छात्राध्यापकांना मुलांची नावं झाकून दाखवायला तुमची परवानगी हवी आहे. वहीत एक कागदी पट्टी दुमडलेली सापडली, ती जशी होती तशीच त्या पानात ठेवली आहे.

आपले,
निवड समितीतील प्राध्यापक