भारतीय पासपोर्ट असला तरी मत आहे

संपादक महोदय,

लंडनच्या ब्रेंट बरोत (बरो म्हणजे स्वतःची कौन्सिल, म्हणजे स्थानिक पालिका, असलेला शहराचा भाग) राहणाऱ्या मराठी मंडळींना कळकळीने सांगते: इथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या प्रौढ भारतीय नागरिकालाही, राष्ट्रकुलातला म्हणून, कौन्सिलच्या निवडणुकीत मत देता येतं. कौन्सिल टॅक्स भरून गप्प बसणारे शेजारी पाहिले की जीव तुटतो.

वेम्बली आणि विल्सडेन एकत्र करून १९६५ साली ही बरो झाली. कचरा, वाचनालयं, वृद्धांची देखभाल, बांधकामाच्या परवानग्या सगळं तिच्याकडे. महापौर मानाचा, दरवर्षी नवा; खरा कारभार कौन्सिलचा लीडर, म्हणजे नेता, आणि त्याच्या कॅबिनेटच्या हाती. मतदान चार वर्षांनी, मे महिन्यात. सभाही लोकांना खुल्या असतात. मी जाते, पण आपली माणसं तिथे क्वचितच दिसतात. मतदार यादीत नाव ऑनलाइन घालता येतं. आजच घाला.

एक वाचक, वेम्बली