कुपवाडच्या लेथवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात तुमच्या शेडमध्ये मी फक्त प्लायवूड कापून मागायला आले होते. साधारण आठ फूट बाय चार फूट, कडेनं पट्ट्या, वर फर्स्ट लेगो लीग या शाळकरी मुलांच्या रोबोट स्पर्धेची मॅट बसेल असं टेबल. तुम्ही विचारलंत, "पोरं करणार काय ह्याच्यावर?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मापाची टेप घेऊन तुम्ही शाळेत हजर. त्या टेबलाचे आभार मी तेव्हाच मानले होते. हे पत्र त्यानंतरच्या शनिवारांसाठी आहे.

आमचा रोबोट सरळ सोडला तरी वाट सोडायचा. अडीच मिनिटांच्या फेरीत तो स्वतःच्या प्रोग्रामवर चालायला हवा, रिमोट नाही, म्हणून मुलं प्रोग्राममधले आकडे बदलत बसलेली. मी विज्ञान शिकवते, पण मलाही दुसरं काही सुचत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "आकडं राहू द्या. दहा वेळा सोडा आणि थांबेल तिथं चिकटपट्टी लावा." दहा पट्ट्या दहा ठिकाणी लागल्या. "आकडा चुकला असता तर सगळ्या एकाच चुकीच्या जागी पडल्या असत्या. मग दर वेळी बदलतंय काय?" बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी सातवीतली मुलगी हळूच म्हणाली, "आपण ठेवतो ती जागा."

मग तुम्ही त्यांना शेडवर नेऊन ड्रिलिंगचं जिग दाखवलंत, म्हणजे दर वेळी भोक त्याच जागी पडावं म्हणून वापरायचा साचा. पुढच्या शनिवारी मुलांनी लेगोच्याच तुकड्यांचं जिग केलं, रोबोट त्याला टेकवून सोडला, आणि पट्ट्या एकमेकींवर चढू लागल्या. त्या दिवशीचा त्यांचा आरडाओरडा मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत गेला होता.

चाकाचंही तसंच. सूत्र मी फळ्यावर लिहून दिलं असतं. तुम्ही दोरा दिलात. ५६ मिलिमीटर व्यासाचं चाक एका फेऱ्यात साडेसतरा सेंटिमीटरच्या आसपास जातं, हे त्यांनी दोरा गुंडाळून, पट्टीवर मोजून काढलं. तेव्हापासून मोटर 'इतके सेकंद' चालवणं बंद झालं, 'इतके फेरे' सुरू झालं. बॅटरी उतरली की अंतर कमी पडायचं, ती तक्रारही बरीच मिटली.

स्पर्धेत तीन फेऱ्यांतली सर्वांत चांगली धरतात. आमची पहिली फसली, दुसरी बरी गेली. पण रोबोटच्या गुणांइतकंच वजन रोबोटच्या रचनेला, मुलांच्या संशोधन प्रकल्पाला आणि ती एकमेकांशी कशी वागतात यालाही असतं. परीक्षकांनी "हे असंच का केलं?" विचारलं, तेव्हा आमची मुलं माझ्याकडे वळून बघत नव्हती. उत्तर त्यांचंच होतं. बक्षीस मिळालं नाही, तरी परतीच्या गाडीत पुढच्या वर्षीचं जिग कसं असावं यावर मिरजेपर्यंत भांडण चाललं होतं.

काका, तुमचे हात मी पाहिलेत. तो रोबोट तुम्ही दहा मिनिटांत सरळ केला असतात. दर शनिवारी ते हात पाठीमागे धरून तुम्ही दोन-दोन तास उभे राहिलात, मुलं चुकत असताना गप्प राहिलात. शिक्षिका असून मला ते जमत नव्हतं. तुमच्याकडे बघून थोडं जमायला लागलंय.

जूनपासून सहावीतली पाच नवी मुलं येतायत. दोऱ्याचं रीळ मी जपून ठेवलंय. शनिवारी चार वाजता वाट बघतो.

तुमची,
रोबोटवाल्या पोरांची बाई