चिमीचं पथ्य

प्रिय पक्या,

दिवाळीपासून पत्र नाही म्हणून शिव्या घालून झाल्या असतील, तर पुढे वाच. आम्ही बरे. आईचं बीपी गोळीवर ठीक. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय.

चिमीची उंची थांबली होती, पोट फुगायचं, गोळ्या देऊनही हिमोग्लोबिन चढेना. रक्त तपासलं, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढला. सीलिअॅक निघालं, म्हणजे गव्हा-जवातलं ग्लूटेन नावाचं चिकट प्रथिन पोटात गेलं की आतडं बिघडतं. गहू जन्मभर बंद. रवा, मैदा, शेवया, जव, सगळंच गेलं.

तुलाच का लिहितोय, कळलं ना? सदाशिव पेठेतल्या खोलीत चिंच नाही म्हणून आमटीत लिंबूफूल टाकणारा तू. (ती आमटी नव्हती, हे मी आजही म्हणेन.) आता माझ्याच ओट्यावर रोज तो धंदा चाललाय.

भाकरीचं अडत नाही. उपासाचा डबा बारा महिने उघडा: वरी, राजगिरा, शिंगाडा. चिमी म्हणते, "बाबा, मला रोजच एकादशी." अडतं केकपाशी. गव्हाचा चिकटपणा नाही, आईमुळे घरात अंडं नाही, मग धरून ठेवणार कोण? तांदूळ-नाचणीच्या पिठात भिजवलेला इसबगोल घातला की जरा बांधलं जातं. फुगायला दही आणि खायचा सोडा. कालवलं की लगेच ओव्हनमध्ये, नाहीतर सगळी फसफस भांड्यातच संपते. चमचाभर बेकिंग पावडरीच्या जागी पाव चमचा सोडा पुरे. जास्त झाला की साबण खाल्ल्यासारखं लागतं. होळीला तांदळाच्या उकडीत पुरण भरून प्लास्टिकवर थापलं. आई म्हणाली, "पोळी कुठाय? हे तर धिरडं." चिमीनं मागून घेतलं.

पण धास्ती गिरणीची. गव्हामागून आपली ज्वारी घातली की पहिलं पीठ गव्हाचंच पडतं. गिरणीवाला म्हणतो, "साहेब, एवढ्यानं काय होतंय?" आईही तेच म्हणते. अरे, पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' छापायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही! शेवटी हप्त्यावर घरघंटी आणली. पोळपाट-लाटणं वेगळं. आणि हिंग! डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा मैदा असतो, तुला माहीत होतं? मी फोडणीला लसूण घातला. आईच्या वरणात लसूण! घरात अबोला.

हे सगळं निभावेन रे. परवा चिमी मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली. केक कापल्यावर म्हणाली, "मला भूक नाही." घरी येऊन ताटभर पोहे खाल्ले. नऊ वर्षांची पोर, इतक्या सफाईनं खोटं बोलायला कधी शिकली? हिला सांगितलं तर ही रडते. आई म्हणेल, दृष्ट काढ. राहिलास तू.

वहिनींची बदली झाली का? बंट्याची बारावी यंदाच ना? त्याला म्हणावं, झोप नीट घे.

पुतण्याच्या लग्नाला आम्ही येतोय. आचाऱ्याला आत्ताच सांगून ठेव: चिमीचा भात-वरण वेगळ्या पातेल्यात, वरणात हिंग नको, पळी दुसरीकडे बुडवायची नाही. तिला तांदळाचे पापड आवडतात, ते कुर्डया तळायच्या आधी तळून घ्या. कुर्डया गव्हाच्या, नंतर ते तेल तिला चालत नाही. आणि तू स्वतः ओट्याजवळ फिरकू नकोस.

तुझा,
सुध्या